संकीर्ण दप्तरातील जीव

सरकारी कचेरीत ज्याने पाचदहा वर्षे काढली आहेत त्यास ‘संकीर्ण’ या शब्दाचा अर्थ कोशात पाहावा लागत नाही. जो कागद कोणत्याच शाखेचा नाही, जो ठेवून घेण्यास कोणतेच टेबल राजी नाही आणि जो फाडून टाकण्याचा अधिकार मात्र कोणासच नाही, तो कागद या दप्तरात जातो. दप्तर फुगत राहते. मग केव्हातरी एखादा नवा माणूस येतो, दोरी सोडतो, आणि निरनिराळ्या मथळ्यांखाली विखुरलेले कागद मुळात एकाच प्रकरणाचे होते असे आढळून येते. जीवशास्त्राच्या इतिहासात असे एक दप्तर शेदोनशे वर्षे पडून होते. ते १९७७ साली ज्या गृहस्थाने सोडले, त्याचे शिक्षणही त्या विद्येत झालेले नव्हते. त्या दप्तराची हकीकत सांगण्याचा आमचा विचार आहे.

निमित्त घरचेच आहे. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. उल्कापाताने बेसाल्टच्या खडकात पडलेला सुमारे पावणेदोन किलोमीटर व्यासाचा हा खळगा. त्याच्या तळाशी खारे आणि त्याहूनही क्षारयुक्त असे हिरवट पाणी. जून २०२० मध्ये हे पाणी एकाएकी गुलाबी झाले. त्या उन्हाळ्यात आधीच लोक घाबरलेले. त्यात हा प्रकार! कोणी शेवाळाचे नाव घेतले, कोणी रसायनाचे, आणि कोणी काय काय म्हटले ते येथे नोंदविण्याचे कारण नाही. प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढेही आले. पाण्याचे नमुने तपासणीस गेले ते नागपूरच्या ‘नीरी’कडे व पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेकडे. पुण्यास असे दिसून आले की, हे पाणी भांड्यात स्थिर ठेवले की गुलाबी गाळ तळाशी बसतो आणि वरचे पाणी नितळ होते. अर्थात रंग पाण्याचा नव्हता, पाण्यात वाढलेल्या जीवांचा होता. पाणी आटून खारेपणा वाढला तशी त्या लवणप्रिय एकपेशीय जीवांची संख्या बेसुमार वाढली होती. हे जीव शेवाळ नव्हेत, आणि, वाचकांस नवल वाटेल, जिवाणूही नव्हेत. त्यांस ‘आर्किया’ म्हणतात.

(ज्यांचे नाव या संस्थेस आहे ते शंकर पुरुषोत्तम आघारकर हे आपल्याच गोत्रातले, म्हणजे परमुलखात नोकरी केलेले. त्यांच्या सेवेचा मोठा काळ कलकत्ता विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे घोष प्राध्यापक म्हणून गेला.)

लाल पाणी पाहून ते कोणामुळे लाल, हा प्रश्न मात्र लोणारइतका ताजा नाही. दक्षिण फ्रान्समध्ये माँपेलिएजवळच्या मिठागरांचे पाणीही मीठ धरण्याच्या सुमारास लाल होई. १८३६ च्या आसपास एक मत असे पुढे आले की, त्या पाण्यात जी कोळंबीच्या जातीची इवलीशी किडी असते तिचा हा रंग. वनस्पतिशास्त्रज्ञ फेलिक्स द्यूनाल याने १८३८ साली सूक्ष्मदर्शक लावून सांगितले की, रंग किडीचा नव्हे, तिच्याहूनही लहान अशा एकपेशीय शैवालाचा आहे. पुढे १९०५ मध्ये रुमानियाच्या तेओदोरेस्कू याने त्या शैवालाला द्यूनालच्या स्मरणार्थ ‘ड्युनालिएला’ हे नाव दिले. द्यूनालचे चुकले असे म्हणता येणार नाही; शैवाल तेथे होतेच. परंतु त्याच पाण्यात शैवालापेक्षा कितीतरी लहान असा दुसरा एक लाल जीव कोट्यवधींच्या संख्येने राहतो, आणि गडद रंग पुष्कळदा त्याचाच असतो, हे समजण्यास आणखी बरीच वर्षे जावी लागली. २०२० साली लोणारच्या काठी ज्यांनी प्रथम शेवाळाचे नाव घेतले ते नेमके द्यूनालच्याच पायरीवर उभे होते.

हा दुसरा जीव दिसूनही ओळखता येत नव्हता, याचे कारण असे की, शास्त्राच्या दप्तरखान्यात मुळी दोनच कपाटे होती. एक वनस्पतींचे, दुसरे प्राण्यांचे. डेल्फ्ट गावचा कापडव्यापारी लेवेनहुक याने १६७६ साली पाण्यातील अतिसूक्ष्म जीवांचे वर्णन लंडनच्या रॉयल सोसायटीस लिहून पाठविले. (हा लेवेनहुक गावच्या न्यायसभेच्या दालनाची देखरेख करणारा कर्मचारीही होता, म्हणजे सूक्ष्मजीवांचा पहिला निरीक्षक सरकारी नोकरच म्हणावयाचा.) साऱ्या सृष्टीची नोंदवही लिहिणारा लिनियस त्यानंतर नव्वद वर्षांनी आला. त्याने प्रत्येक झाडास आणि जनावरास नावनिशी दिली, पण या अदृश्य प्रजेपाशी त्याचे धैर्य सुटले. आपल्या ग्रंथाच्या बाराव्या आवृत्तीत, १७६७ साली, त्याने या मंडळींस कृमींच्या वर्गात टाकले आणि त्या खात्यास नाव दिले ‘केऑस’, म्हणजे निव्वळ गोंधळ! आमच्या मते वर्गीकरणाच्या इतिहासात याहून प्रामाणिक मथळा कोणी लिहिलेला नाही.

१८६६ मध्ये जर्मनीच्या हेकेलने तिसरे कपाट आणले व त्यास ‘प्रोटिस्टा’ म्हटले. पण फेर्डिनांड कोन याने १८७२ साली जिवाणूंची पहिली पद्धतशीर व्यवस्था लावली ती आकारावरून: गोल, दांडीसारखे, वळलेले. आणि या साऱ्यांस त्याने वनस्पतींच्याच पंगतीला बसविले. सूक्ष्मदर्शकाखाली एका ठिपक्यास आकाराखेरीज दाखविण्यासारखे असते तरी काय? तिळाएवढ्या आकृतीवरून माणसाचे घराणे सांगा म्हटल्यावर जे होईल तेच येथे होऊ लागले.

त्या लाल जीवाचीच बदल्यांची यादी पाहा. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स किनाऱ्यावर ग्लॉस्टर बंदरात खारविलेले कॉड मासे उन्हाळ्यात लाल पडून नासू लागले, कोळ्यांचे व व्यापाऱ्यांचे नुकसान होऊ लागले, तेव्हा १८७८ साली हार्वर्डचे वनस्पतिशास्त्रज्ञ फार्लो यांस चौकशीस नेमण्यात आले. त्यांनी दोष माशात नसून मिठात आहे हे शोधून काढले. स्पेनमधील कादिसच्या मिठागरांतून येणाऱ्या मिठाबरोबरच तो लाल जीव येत होता. ही चौकशी नमुनेदार झाली, पण आरोपीचे नाव मात्र त्यांनी वनस्पतींच्या यादीत घातले. कॅनडात १९२२ साली हॅरिसन व केनेडी यांनी अशाच लाल कॉडमधून एक जीव वेगळा काढून त्यास ‘स्यूडोमोनास’ या घराण्यात घेतले. दुसऱ्याच वर्षी बर्गीच्या सुप्रसिद्ध जिवाणुग्रंथाची पहिली आवृत्ती निघाली, तीत त्याची बदली ‘सेराशिया’कडे झाली, कारण त्या घराण्यातले जिवाणूही लाल असतात! १९४० मध्ये मृत समुद्रातील जीवांचा अभ्यास करणाऱ्या एलाझारी-वोल्कानी यांनी त्यास ‘फ्लेव्होबॅक्टेरियम’मध्ये नेले, आणि १९५७ मध्ये ‘हॅलोबॅक्टेरियम’, म्हणजे मिठातला जिवाणू, असे स्वतंत्र खाते उघडून दिले. पस्तीस वर्षांत चार ठाणी. प्रत्येक बदलीस लेखी कारण होते आणि एकाही कारणाचा वंशाशी संबंध नव्हता. कधी रंग, कधी आकार, कधी वस्तीची जागा.

जाणत्या मंडळींस हे सलत नव्हते असे नाही. १९६२ साली स्टॅनिअर व व्हॅन नील या दोघा थोर जिवाणुशास्त्रज्ञांनी एक निबंध लिहिला. जिवाणू म्हणजे काय याची स्वच्छ व्याख्या आपणापाशी नाही ही या शास्त्राची लाजिरवाणी उणीव होय, अशा भावनेने तो लिहिलेला आहे. ज्या पेशीत वेगळे केंद्रक नाही ती जिवाणूची, इतके त्यांनी पक्के केले. पण या जीवांची वंशावळ लावण्याचा जो उद्योग त्यांनी स्वतःच तरुणपणी मांडला होता, त्यावर त्यांनी याच काळात पाणी सोडले. अशा थोरांनी हात टेकले म्हणजे बाकीचे कामाला लागतात ते नोंदी ठेवण्याच्या, सोडविण्याच्या नव्हे.

इकडे नव्या नोंदी मात्र भराभर येत होत्या, आणि त्या चमत्कारिक जागांवरून येत होत्या. टॉमस ब्रॉक हा इंडियाना विद्यापीठातील प्राध्यापक १९६४ पासून यलोस्टोनच्या उन्हाळ्यांकडे जाऊ लागला. सुमारे ७३ अंशांपलीकडे पाण्यात जीव तग धरत नाही अशी तोवर समजूत होती. ब्रॉकने केले ते अगदी साधे. काचेच्या पट्ट्या दोऱ्याला बांधून त्याने उकळत्या कुंडांत सोडल्या (त्या उंचीवर पाणी ९३ अंशांच्या सुमारासच उकळते) आणि काही दिवसांनी वर काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या. पट्ट्यांवर जीव वाढलेले होते. १९६६ मध्ये मश्रूम स्प्रिंग या कुंडातून त्याने व हडसन फ्रीझ या विद्यार्थ्याने एक जिवाणू मिळविला. १९६९ मध्ये त्याचे ‘थर्मस अक्वाटिकस’ हे नाव प्रसिद्ध झाले. त्याच्या अंगचे एक उष्णतासह विकर पुढे न्यूक्लिक आम्लाच्या प्रती काढण्याच्या कृतीत कामास आले. २०२० च्या ज्या उन्हाळ्यात लोणार गुलाबी झाले, त्याच उन्हाळ्यात देशभर नाकातोंडातले नमुने तपासले जात होते ते याच कृतीने. मणिकरणच्या कुंडात तांदळाची पुरचुंडी शिजताना पाहून आपण हात जोडतो ते योग्यच आहे. पण तशा पाण्यात कोणी राहतही असेल हे आम्हांस तरी कधी सुचले नव्हते.

ब्रॉकच्या मंडळींनी आणखी दोन जीव आणले. एक, खाणीबाहेर टाकलेल्या व आतल्या आत धुमसणाऱ्या कोळशाच्या कचऱ्यातून, १९७० साली: ‘थर्मोप्लाझ्मा’. दुसरा, गंधकाच्या गरम आम्लकुंडांतून, १९७२ साली: ‘सल्फोलोबस’. पहिल्यास कवच नाही म्हणून तो बिनकवची मायकोप्लाझ्मांच्या शेजारी बसविला गेला. मिठातले लाल जीव आधीच तिसरीकडे होते. चौथीकडे होते दलदलीतले, जनावरांच्या पोटातले व शेणातले मिथेन वायू सोडणारे जीव. खादी ग्रामोद्योगाच्या गोबर गॅसच्या टाकीत जे काम करतात तेच.

आणि येथे या हकीकतीतील सर्वांत विलक्षण गोष्ट येते. यांपैकी काही कागद एकमेकांचे आहेत याची खूण कागदांवरच होती. कॅनडातील मॉरिस केट्स यांनी १९६० नंतरच्या दशकात दाखविले की, लाल लवणजीवांच्या पेशीचे आवरण ज्या स्निग्ध द्रव्याचे असते त्याची रासायनिक वीण इतर सर्व ज्ञात जीवांहून निराळी आहे. १९७२ मध्ये लँगवर्दी यांस तीच निराळी वीण थर्मोप्लाझ्मात सापडली, आणि पुढे सल्फोलोबसमध्येही दिसली. निष्कर्ष काय निघाला? हा कठीण हवापाण्याचा परिणाम! जगण्यासाठी दोघांनीही स्वतंत्रपणे तशीच वीण पत्करली, एवढेच.

सिमल्यास बदली झालेला मराठी माणूस आणि सिमल्यास बदली झालेला मद्रासी माणूस हे दोघेही लोकरी कोट घालतात. त्यावरून ते भाऊ ठरत नाहीत. हा युक्तिवाद अगदी रास्त आहे. पण एक जण सिमल्यास व दुसरा मद्रासेस असून दोघांच्या अंगावर त्याच शिंप्याच्या हातचा, त्याच अस्तराचा कोट दिसू लागला, तर? मिठाचे पाणी आणि गरम आम्ल यांत सिमला-मद्रासेइतकेच अंतर आहे. हे कोट हवेसाठी शिवलेले नव्हते, वडिलोपार्जित होते. परंतु निवासावरून ओळख ठरविण्याची सवय इतकी मुरलेली होती की, हे कोणाच्या ध्यानी आले नाही. बदलीच्या गावी आपल्यालाही शेजारीपाजारी प्रथम ‘नवे पोस्टमास्तर’ किंवा ‘कोपऱ्यावरच्या बंगल्यातले’ म्हणूनच ओळखतात. कुळाची चौकशी मागाहून होते, आणि पुष्कळदा होतच नाही.

कुळाची चौकशी करणारा माणूस म्हणजे कार्ल वूज. १९२८ चा जन्म, शिक्षण जीवभौतिकीचे, नोकरी इलिनॉय विद्यापीठात अर्बाना येथे. त्याचा विचार आपल्या वाचकांस चटकन समजेल, कारण पुण्याच्या भांडारकर संस्थेत सुकथनकरांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी महाभारताच्या पोथ्यांस तीच कसोटी लावली होती. एका पोथीवरून दुसरी उतरताना नकलनविसाच्या हातून अक्षर बदलते. ते बदललेले अक्षर त्या पोथीवरून उतरलेल्या साऱ्या पोथ्यांत जाते. म्हणून समान पाठभेद हे समान वंशाचे चिन्ह. प्रत्येक पेशीत प्रथिने घडविणारे रायबोसोम असतात, आणि त्यांत आर.एन.ए. नावाच्या रेणूची लांबलचक अक्षरमाला असते. हे काम सोडून कोणत्याही जीवाचे चालत नाही, त्यामुळे ही पोथी सर्वांच्या घरी आहे व तीत बदल फार सावकाश होतात. वूजने ठरविले की, आकार, रंग, वस्ती हे सर्व बाजूस ठेवावे आणि केवळ या पोथीचे पाठभेद जुळवावे.

काम अत्यंत कंटाळवाणे होते. जीव किरणोत्सर्गी फॉस्फरसवर वाढवावयाचे, त्यांचा आर.एन.ए. वेगळा काढावयाचा, विकराने त्याचे लहान लहान तुकडे पाडावयाचे, विजेच्या प्रवाहाने ते कागदावर पसरावयाचे, आणि त्यांच्या क्ष-किरण फिल्मवर उमटलेल्या ठिपक्यांवरून प्रत्येक तुकड्याची अक्षरे ओळखावयाची. पूर्ण पोथी वाचण्याची सोय नव्हती. हाती येत ती तुकड्यांची यादी. भिंतीवर टांगलेल्या प्रकाशपेटीवर फिल्म लावून हा मनुष्य वर्षानुवर्षे एकटा तेच ठिपके पाहत बसे. त्याच्या विद्यापीठातील कित्येकांस तो काय करतो हेही ठाऊक नव्हते, आणि आपल्याकडील एखाद्या अभिलेखागारात मोडी रुमाल उलगडीत बसलेल्या माणसाइतकीच त्याची प्रतिष्ठा होती.

१९७६ मध्ये त्याच विद्यापीठातील राल्फ वुल्फ यांनी मिथेन सोडणारा एक जीव त्यास दिला. फिल्म तयार झाली. ज्या तुकड्यांवाचून जिवाणूंची यादी पुरी होत नाही, त्यांतले कित्येक तुकडे तीत नव्हतेच! वूजने प्रथम आपलाच हात चुकला असे मानून प्रयोग पुन्हा केला, पुन्हा तेच. त्याने वुल्फना जाऊन सांगितले की, तुम्ही दिलेला हा जीव जिवाणू नव्हे. आकाराने तो जिवाणू होता, केंद्रक त्यास नव्हते, पण वंशाने तो जिवाणूंपासून जितका दूर होता जवळजवळ तितकाच तो आपल्यापासूनही दूर होता. वूज व जॉर्ज फॉक्स यांचा निबंध नोव्हेंबर १९७७ मध्ये निघाला. त्यात जीवसृष्टीच्या तीन मूळ शाखा सांगितल्या होत्या. नव्या शाखेस नाव होते ‘आर्किबॅक्टेरिया’. पुढच्याच वर्षी संकीर्ण दप्तर सुटले: मिठातले लाल जीव, कोळशातला थर्मोप्लाझ्मा, गंधकातला सल्फोलोबस या साऱ्यांचे पाठभेद मिथेनवाल्यांशी जुळले. ब्रॉकचा तो कीर्तिमान थर्मस मात्र साधा जिवाणूच निघाला. एकाच यलोस्टोनात, तशाच उन्हात राहून सल्फोलोबस एका घराण्याचा व थर्मस दुसऱ्याचा.

स्वागत कसे झाले? ३ नोव्हेंबर १९७७ च्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने पहिल्या पानावर बातमी दिली, आणि त्यानेच घात झाला. शास्त्रातले शोध वृत्तपत्रांतून गाजविणे हे शिष्टसंमत नव्हते. नोबेल पारितोषिकाचे मानकरी साल्वाडोर लुरिया यांनी वुल्फना दूरध्वनी करून बजावले की, या भानगडीतून अंग काढून घ्या, नाहीतर तुमची कारकीर्द संपेल. ही गोष्ट वुल्फ यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवली आहे. वुल्फ डगमगले, पण वूजला सोडून गेले नाहीत. जर्मनीतील ओट्टो कांडलर यांनी मात्र तत्काळ पाठिंबा दिला. मिथेनवाल्यांच्या पेशीभित्तीत जिवाणूंचे नेहमीचे द्रव्य नाही हे त्यांनी आपल्या प्रयोगशाळेत पाहिलेच होते. अमेरिकेतील बऱ्याच विद्वानांनी लेख खोडून काढला नाही, नुसता वाचला नाही. वाद घालणाऱ्यापेक्षा न वाचणारा अधिक दुखावतो, हे ज्याचे टिपण वरिष्ठांच्या टेबलावर सहा महिने पडून राहिले आहे त्यास सांगावयास नको. १९९० मध्ये वूज, कांडलर व व्हीलिस यांनी शेवटला ‘बॅक्टेरिया’ शब्दही काढून टाकला आणि ‘आर्किया’ हे नाव मुक्रर केले. १९९८ पर्यंत थोर पक्षिशास्त्रज्ञ एर्न्स्ट मायर हे, दिसावयास सारखे ते एकत्रच ठेवा, असे भांडत होते. आयुष्यभर पिसांचे रंग न्याहाळलेल्या माणसास डोळ्यांवर अविश्वास ठेवा म्हणणे कठीणच. त्यांच्या बाजूनेही आम्हांस काहीशी सहानुभूती वाटते. वूजला २००३ मध्ये क्रॅफोर्ड पारितोषिक मिळाले, नोबेल मिळाले नाही. ३० डिसेंबर २०१२ रोजी तो वारला.

आम्ही एकदा कामानिमित्त सांभरला गेलो होतो. रेल्वेच्या बांधावरून दोन्ही अंगांस मिठाची आगरे दिसत. एकात पाणी निळसर, दुसऱ्यात मातकट, तिसऱ्यात चांगले बीटाच्या रसासारखे. बरोबरच्या मिठागारी मुकादमास विचारले, तेव्हा तो म्हणाला, ‘साहब, पानी पक गया है।’ त्या पिकलेल्या पाण्याचा अभ्यास उपासनी व देसाई यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केला, आणि त्यातील लवण व क्षार दोन्ही पचविणारे जीव आर्किया कुळातले असल्याचे दाखविले. लोणारच्या तीस वर्षे आधी.

यावरून आर्किया म्हणजे कठीण जागीच राहणारे, असा पुन्हा निवासाचाच शिक्का त्यांच्यावर बसला. तोही टिकला नाही. १९९२ मध्ये साध्या, थंड समुद्राच्या पाण्यात त्यांची अक्षरे विपुल सापडली. जीव वाढविल्यावाचून नुसत्या पाण्यातून पोथी वाचण्याची युक्ती तोवर साधली होती. २०१५ मध्ये उत्तर ध्रुवाकडील समुद्रतळाच्या गाळातून अशीच एक पोथी वाचली गेली, आणि केंद्रक असलेल्या पेशींचे, म्हणजे झाडांचे, जनावरांचे व आपलेही, सर्वांत जवळचे आप्त याच आर्कियात आहेत असे दिसून आले. पोथी हाती आली, पण पोथीचा धनी कोणी पाहिलेला नव्हता.

तो जपानी संशोधकांनी पाहिला. २००६ साली २५३३ मीटर खोलीवरून काढलेला चिखल त्यांनी स्पंज घातलेल्या भांड्यात मिथेनवर पोसत सुमारे दोन हजार दिवस ठेवला. नंतर त्यातून वाढविता वाढविता एकूण बारा वर्षे गेली. दोनाचे चार होण्यास या जीवास चौदा ते पंचवीस दिवस लागतात. जानेवारी २०२० मध्ये त्याचे वर्णन निघाले, तेव्हा नावापुढे ‘कँडिडेटस’ हा शब्द होता. ज्या जीवाची शुद्ध पैदास करून नमुने संग्रहात दाखल केलेले नाहीत त्याच्या नावापुढे तो लावण्याची रीत १९९४ साली सुचविली गेली. मराठीत आपण त्यास ‘उमेदवार’ म्हणू. नाव चालते, टपाल येते, पण नेमणूक कायम नाही. अशा उमेदवारांची संख्या आता कायम झालेल्यांपेक्षा कितीतरी मोठी आहे. या जीवाची नेमणूक २०२४ साली कायम झाली, आणि त्या वेळी नोंदीत नावाचे स्पेलिंगही किंचित दुरुस्त करण्यात आले.